डाव्या अंगाच्या दोन चाकांची व एका ओची हकिकत

श्री. ज्याचे चाक त्याचे फिरते राहो आणि चाकांवर बसलेले सर्व घरी येवोत. शके एकोणीसशे शेहेचाळीस, क्रोधीनाम संवत्सर, मार्गशीर्ष मासी द्वारकाआत्यासाहेब पागेच्या दारी उभ्या राहून आम्हांस बोलिल्या की, "मी रंगाला बसले की तू बाहेर थांबायचंस. अधूनमधून हाक मारायची, मी ओ देईन. ओ आली नाही तर विचार करत बसू नकोस. शटर वर." आम्ही हसलो आणि म्हणालो, "आत्या, चाकच रंगवायचंय ना? खाणीत उतरल्यासारखं काय बोलताय!" त्यावर त्या इतकेच बोलिल्या की, "खाणीत सोबतीला माणसं असतात गं," आणि पदर खोचून कामास लागल्या. आम्ही ती गोष्ट कानाआड केली. ती पुढे कशी अंगाशी आली, हे ज्याच्या घरी लहान मूल आहे अथवा थोर माणूस आहे त्यास कळावे, म्हणून हा मजकूर लिहिला असे.

राज्य म्हणावे तर दुसऱ्या मजल्यावरील तीन खोल्या, एक गॅलरी आणि तळास शटरची एक पागा. पागेत पांढरा रथ एक. राजे कंपनीच्या कामगिरीवर परमुलुखी महिनाभर गेलेले, आणि राज्यात आम्ही व अकरा महिन्यांच्या जाईबाईसाहेब. राजांच्या आत्या द्वारकाबाईसाहेब, वय सहासष्ट, ह्या आम्हांस सोबत म्हणून नदीकाठच्या आपल्या गावाहून आल्या होत्या. जाईबाईसाहेबांस दात चार होते, परंतु शब्द एकही फुटला नव्हता, आणि शेजारच्या मुलाने नवव्या महिन्यातच "बाबा" म्हटल्याचे वर्तमान आल्यापासून आम्ही रोज फोनवर वाचीत होतो की किती महिन्यांस किती शब्द यावे, आणि जितके वाचावे तितका जीव खाली-वर होत असे. अशात लसीचा दिवस आला. परतताना बाईसाहेबांनी मागे आत्यांच्या मांडीवर असा टाहो फोडिला की आम्ही रस्ता सोडून आरशात त्यांचे तोंड पाहू लागलो, आणि त्याच घटकेस दवाखान्यापुढील दगडी कठड्यास रथ घासला. खर्रर्र असा आवाज जाहला, आणि पुढले चाक ज्या वाटेने गेले त्याच वाटेने मागलेही गेले. राजांचा रथावर जीव, आणि रथाहून चाकांवर अधिक. स्वतः शर्ट उलटा घालून कचेरीस जातील, पण अलॉयच्या त्या चाकांस पुसावयाचे मऊ फडके वेगळे, त्यास कोणी हात लावावयाचा नाही. आम्ही खाली उतरून पाहिले तो कडा सोलून पांढऱ्या पडलेल्या, आणि आमच्या डोळ्यांस पाणी आले. आत्यासाहेबांनी बाईसाहेबांस आमच्या हाती दिले, खाली बसल्या, कडेवरून बोट फिरविले, आतून-बाहेरून तडा शोधिला आणि बोलिल्या, "नुसती सोलवटलीत. तडा असता तर हात लावला नसता. होईल हे." आम्ही म्हणालो, "दुकानात देऊ या ना, आत्या." तेव्हा त्या गर्जल्या, "दुकानवाला काय आभाळातून पडलाय? एकतीस वर्षं स्कूटरच्या कारखान्यात, रंगखात्यात, मी काय पापड वाळवत होते?"

मग मोहीम सुरू जाहली. रथ पागेत आणिला, उजव्या चाकांस विटा लाविल्या, आणि रथ जमिनीवर असतानाच पान्याने नट सैल केले, कारण उचलल्यावर नटांशी झटावे तर रथ अंगावर यावयाचा. आणि मग जॅकने उचलून, कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्याकडून मागून आणिलेल्या लोखंडी घोड्या खाली टेकूस दिल्या. पागेत खरोखरच घोड्या उभ्या राहिल्या म्हणून आम्हांस हसू आले. आत्यासाहेबांनी रथास दोन्ही हातांनी हलवून पाहिले, तो जागचा हलला नाही, तेव्हा बोलिल्या, "हं, आता हस." आणि दोन्ही चाके उतरवून साबणाच्या पाण्याने व जुन्या टूथब्रशाने अशी घासली की ब्रेकची साचलेली काळी भुकटी तीन बादल्या पाण्यात उतरली. मग जिथे कडेस धातू वर आला होता तिथे बारीक कानस फिरविली, आणि मग पॉलिश पेपर पाण्यात भिजवून आधी खरखरीत, मग मऊ, मग त्याहून मऊ, ऐसे तीन दिवस घासले. आम्हांस पहिल्याच दिवशी वाटले की जाहले. आम्ही म्हणालो, "छान दिसतंय की, आत्या." त्या म्हणाल्या, "डोळ्याला काय, चमकलं की पुरे. डोळे मिट आणि नखाला विचार." आम्ही डोळे मिटून कडेवर नख फिरविले, आणि तीन ठिकाणी अडकले. मग त्या खड्ड्यांत पुट्टी, जीस रंगारी लोक लांबी म्हणतात, ती भरली, सुकू दिली, पुन्हा घासली, पुन्हा आमचे नख मागितले, आणि नख सरळ चालत गेले तेव्हाच हात धुतले. कंबर दुखते म्हणून एकदाही बोलिल्या नाहीत, बाईसाहेब रडल्या तर हात पुसून आधी त्यांस घेतले, आणि घेऊन पुन्हा तिथेच येऊन बसल्या. अशी चिकाटी आम्ही पदवीच्या परीक्षेसही केली नव्हती, हे येथे कबूल करितो.

मग टायरास रंग लागू नये म्हणून पत्त्यांचा जुना जोड मागविला, आणि रिम व टायर यांमधील फटीत एकेक पत्ता अर्धा खोचून चहूंकडे तट उभा केला. गुलाम, बादशहा, दुर्री, तिर्री, सगळे एका रांगेत पहाऱ्यास. बदामराणी तेवढी हवा भरण्याच्या नळीपाशी नेमिली आणि बोलिल्या, "इथं जरा शहाणी बाई पाहिजे." हे सर्व सिद्ध जाहले तो शेजारी रस्ता खणावयास माणसे आली आणि धूळ उडू लागली. ओल्या रंगावर धूळ बसली तर तीन दिवस पाण्यात गेले. तेव्हा आत्यासाहेबांनी रथावर चादर घातली, तोंडास औषधांच्या दुकानातला पातळ मास्क बांधिला, शटर अर्धे ओढिले आणि प्रायमर, म्हणजे रंगाखालचा थर, मारिला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी रुपेरी रंगाचा फवाऱ्याचा डबा हाती घेतला. आम्ही बाईसाहेबांस कडेवर घेऊन बाहेर, पायरीपाशी. पाहावे तो हात असा की चाकाच्या बाहेरूनच फवारा सुरू व्हावा, चाक ओलांडून पलीकडे थांबावा, आणि मध्ये कोठेही अडखळू नये. "हात थांबला की ओघळ आला," असे त्या सांगत, आणि पातळ एक थर देऊन थांबत, मग दुसरा.

इतक्यात वास बाहेर आला आणि बाईसाहेब शिंकल्या. एकच शिंक, परंतु आम्हांस ती तोफेसारखी लागली. आम्ही पुढे झालो आणि शटर खालपर्यंत ओढून घेतले, बोटभर फट ठेविली. आतून आवाज आला, "काय करतेस गं?" आम्ही म्हणालो, "जाईला वास लागतोय. पाचच मिनिटं." "कारखान्यात भिंतीएवढे पंखे होते बाई," आतून उत्तर आले, "बरं, हाक मारत राहा मग." आम्ही हाक मारिली, "आत्या!" आतून, "ओ!" मग थोड्या वेळाने, "आत्या!" "ओ! आहे गं, कुठं पळून जातेय!" मग पुन्हा हाक मारिली, आणि ओ आली, परंतु ती बारीक, आणि आमच्या कानापाशी. खाली पाहिले तो जाईबाईसाहेबांचे ओठ गोल. आम्ही श्वास धरून पुन्हा म्हटले, "आत्या!" आणि बाईसाहेबांनी आमच्याकडे पाहून स्पष्ट म्हटले, "ओ!" पहिला शब्द! अकरा महिन्यांची काळजी एका अक्षरात उतरली, आणि आम्ही त्यांस छातीशी धरून गालांचे मुके घेतले, आणि फोन काढून राजांस दाखवावे म्हणून पुन्हा पुन्हा हाक मारू लागलो, आत्या, ओ, आत्या, ओ. चार वेळा जाहले की पाच वेळा, ते आज सांगता येत नाही. मग एकाएकी ध्यानी आले की इतक्या हाका गेल्या, इतक्या ओ आल्या, आणि त्यांतील एकही शटराच्या आतली नव्हती.

मग ज्या बाईसाहेबांस उकळल्यावाचून चमचा लावीत नसू, त्यांस तसेच सिमेंटच्या जमिनीवर ठेविले आणि दोन्ही हातांनी शटर उचलिले. आतून थिनरचा असा लोंढा आला की डोळे चुरचुरले. द्वारकाआत्यासाहेब भिंतीस टेकून बसलेल्या, मान एका खांद्यावर, डबा मांडीवर, आणि तोंडावर मंद हसू. आम्ही काखेत हात घालून त्यांस बाहेर ओढिले, मास्क काढिला, उन्हात आडवे केले आणि नावाने ओरडलो. त्यांनी डोळे उघडले, किंचित वैतागून आमच्याकडे पाहिले आणि बोलिल्या, "ओरडतेस काय? मी ओ देतच होते की गं." बाईसाहेब मातीचे हात तोंडात घालून शेजारी बसल्या होत्या, आणि आम्ही पाहूनही काढिले नाहीत. मग आत्यासाहेबांस ओकारी जाहली, मग रिक्षा आणिली आणि वैद्यांकडे नेले. त्यांनी प्राणवायूची नळी लावून संध्याकाळपर्यंत ठेवून घेतले आणि आम्हांस म्हणाले, "आणखी थोडा उशीर केला असता तर मी तुमच्याशी वेगळं बोललो असतो." शटर कोणी ओढिले, हे त्यांनी विचारिले नाही, आणि आत्यासाहेबांनी सांगितले नाही.

घरी येताच आत्यासाहेब थेट पागेत गेल्या. आम्ही वाटेत आडवे आलो, "आत्या, चाकं गेली खड्ड्यात, तुम्ही वर चला." त्या बाजूने गेल्या आणि चाकाकडे पाहत उभ्या राहिल्या. जिथे भान हरपू लागले तिथे बोट डब्यावर दाबलेलेच राहिले होते, आणि कडेवरून रुपेरी रंगाचा जाड ओघळ आला होता. त्या हळू बोलिल्या, "हात थांबला माझा." एकतीस वर्षांत थांबला नव्हता. मृत्यूच्या दारातून आलेल्या, आणि दुःख केले ते ओघळाचे. आम्ही मग धीर करून सांगितले की चूक आमची, शटर आम्ही पाडिले, आणि ओ जाईची होती ते आम्हांस कळले नाही. आत्यासाहेबांनी चमकून विचारिले, "जाई ओ म्हणाली? माझ्या नावाला?" आणि तिथेच खाली बसून त्यांनी पदर डोळ्यांस लाविला. आम्हांस मात्र रागाचा एक शब्द बोलिल्या नाहीत.

मग चार दिवस आम्ही चाकांस हात लावू दिला नाही. पाचव्या दिवशी रविवार, खणणारे सुटीवर, तेव्हा चाके बाहेर अंगणात मांडिली, आणि धुळीस उपाय म्हणून आम्ही स्वतः वर जाऊन जाईबाईसाहेबांची मच्छरदाणी सोडून आणिली आणि चार काठ्यांवर तिचा तंबू दिला. आत्यासाहेब बोलिल्या, "वास लागेल मच्छरदाणीला." आम्ही म्हणालो, "लागू दे, दुसरी आणू." त्यांनी ओघळ घासून काढिला, नखास विचारिले, पत्ते पुन्हा खोचिले, रंगाचे पातळ तीन थर आणि वर चकचकीत लॅकरचे दोन थर दिले. आम्ही वाऱ्याच्या उलट अंगास बसून, त्या डोळ्यांसमोर असूनही, हाका मारीत राहिलो. "आंधळी झालीस का? दिसत्येय ना मी?" "ओ द्या आधी." "ओ! घे!" आणि मग मांडीवरून दुसरी, बारीक, "ओ!" ऐशा जोडीने त्या दिवशी काम सिद्धीस गेले. लॅकर पुरता कडक होऊ दिला, मग चाके चढविली, नट गोलाने न आवळता एकाआड एक, समोरासमोर आवळिले, आणि पन्नास किलोमीटर रथ फिरवून पुन्हा आवळिले. राजे परतले, रथाभोवती तीन फेऱ्या मारिल्या, गुडघ्यावर बसून पाहिले आणि विचारिले, "फोनवर सांगत होतीस ती घासलेली चाकं कुठली?" याहून मोठी शाबासकी आत्यासाहेबांस कोणी दिली असेल असे आम्हांस वाटत नाही. ओघळाची जागा आम्हांस ठाऊक आहे. डोळे मिटून नख फिरविले, तेही काही सांगेना.

एवंच, राज्य राखिले ते एका सहासष्ट वर्षांच्या बाईने, आणि घालविले असते ते आमच्या मायेने. आता आत्यासाहेब स्वदेशी परतल्या आहेत. कीर्ती पुढे गेली, लोक चाके आणून टाकितात, आणि त्या एकट्याच आत बसून काम करितात ऐसे वर्तमान आहे. हात रंगाचे असले की फोन उचलीत नाहीत, आणि आम्ही येथे दहा वेळा लावून बसतो. तरी वाचणारांस विनंती. त्या नदीकाठच्या गावी, पिठाच्या गिरणीसमोर त्यांचे निळे शटर आहे. तेथून जाणे जाहले, शटर खाली असले आणि थिनरचा वास आला, तर मुठीने वाजवावे आणि मोठ्याने "आत्या" म्हणून हाक मारावी. आतून खेकसल्या तरी राग मानू नये, ती ओच समजावी. परंतु नुसती ओ आली म्हणून पुढे जाऊ नये. शटर उचलून, ती कोणाच्या तोंडची आहे ते पाहावे, आणि आम्हांस कळवावे.