बोगुमिल कासेकचा निरोपाचा सामना

पोलंडातल्या झालेशिन गावी रविवारी चर्च सुटलं की सगळा गाव स्पीडवेच्या, म्हणजे मोटारसायकलींच्या शर्यतीच्या, मैदानात जातो. तिथे हाही धर्माचरणाचाच भाग समजतात. बोगुमिल कासेक त्या रविवारी निवृत्त व्हायचा होता. बिनब्रेकची मोटारसायकल, मातीचं गोल मैदान आणि जन्मभर डावीकडेच वळणं, एवढ्या भांडवलावर त्यानं बावीस वर्षं काढली होती. अकरा हाडं मोडली होती.

"आजवर तुला स्ट्रेचरवरनंच न्यायचे," बायको हाल्शका निघताना म्हणाली. "आज तरी आपल्या पायांनी बाहेर ये."

"येतो गं. शपथ!"

मैदानावर फादर गाड्यांवर तीर्थ शिंपडत होते. बोगुमिल म्हणाला, "फादर, आज जरा सढळ हातानं."

"नको रे बाबा. माती ओली झाली म्हणून निरीक्षकसाहेब सामनाच थांबवतील."

मैदान निरीक्षक श्री. मोत्सेक ओलावा मोजायचं यंत्र घेऊन आलेच. माती कोरडी असून धूळ उडण्याचा संभव आहे, सबब पाणी मारावे, असा आदेश निघाला. पाणी मारलं. आता घसरण्याचा संभव होता, सबब रूळ फिरवला. रूळ फिरल्यावर माती कडक झाली आणि पडणाऱ्यास लागण्याचा संभव निर्माण झाला. सबब नांगरट झाली. शेवटी मोत्सेकसाहेबांनी शिक्का मारला: मैदान सर्वतोपरी उत्तम आहे, ते तसेच राहावे म्हणून त्यावर गाड्या चालवू नयेत.

अकरा हजार प्रेक्षक सूर्यफुलाच्या बियांची टरफलं थुंकायचे थांबले. प्रत्येकाच्या मांडीवर छापील कार्यक्रमपत्रिका होती. प्रत्येक शर्यतीचे गुण आपल्या हातानं, आपल्या पेनानं भरायचे, ही तिथली रीत. कोरी पत्रिका घेऊन घरी जायचं म्हणजे घरी तोंड दाखवायची सोय नाही.

"आम्ही लिहायचं काय?" गर्दी गरजली.

साहेबांनी नियमपुस्तक चाळलं. शर्यती न झाल्यास निकाल खेळाडूंच्या आजवरच्या सरासरीवरून जाहीर करावेत.

"पहिली शर्यत!" कर्णा बोलला. "कासेक पहिला. तीन गुण!"

बोगुमिल कपातला चहा ढवळत होता. टाळ्या पडल्या. त्यानं जरा लाजत, पण हात वर केलाच.

"चौथी शर्यत! कासेक तिसऱ्या वळणावर पडला!"

बोगुमिल धावत निरीक्षकांकडे गेला. "अहो साहेब, मी पडलो कुठे? हा तुमच्यासमोर उभा आहे!"

"कासेकसाहेब, सामन्यागणिक तुम्ही सरासरी एकदा पडता. मघाशी तीन गुण घेताना सरासरी गोड लागली, आणि आता कडू?"

तेवढ्यात डॉक्टर स्ट्रेचर घेऊन आले. "आडवे व्हा. पडलेल्याला चालत सोडलं तर माझ्या नोकरीवर गदा येईल."

बोगुमिल कठड्याकडे पळाला. वरून ओरडा सुरू झाला. "ए म्हाताऱ्या, नाटकं बंद कर! झोप मुकाट्यानं! आम्ही पेनानं लिहिलंय!"

त्यानं आशेनं पहिल्या रांगेकडे पाहिलं. "हाल्शका, तू तरी सांग यांना!"

हाल्शकानं मांडीवरची पत्रिका पाहिली, पेनाला टोपण लावलं आणि डोळे पुसले.

"झोप रे राजा," ती म्हणाली. "माझीही पत्रिका लिहून झालीय. किती स्वच्छ आलीय बघ."

त्याला घेऊन स्ट्रेचर निघालं तसे अकरा हजार लोक उभे राहून भक्तिभावानं टाळ्या वाजवू लागले. वाचकहो, तुम्हीही आता उगीच हळहळू नका. हा बिचारा कधी पडतो, याच उत्सुकतेनं तुम्ही इथवर आलात ना? मग वाजवा टाळ्या.