न पडलेल्या बास्केटांचा पंचनामा

शिला राठोड हिने हंगामातल्या सात सामन्यांत मिळून दोन गुण केले. तेही चुकून. तिच्याच संघातल्या मुलीने फेकलेला बॉल तिच्या डोक्याला लागून रिंगमध्ये गेला होता आणि शिलाने त्याबद्दल पंचांची माफी मागितली होती.

ही गंभीर बाब महाविद्यालयाच्या क्रीडा गुणवत्ता पडताळणी समितीच्या नजरेला डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात आली. नियम स्पष्ट होता. खेळाडू कोट्यातून वसतिगृहात राहणाऱ्या विद्यार्थिनीने हंगामात किमान पन्नास गुण केलेले असावेत, अन्यथा तिने पंधरा दिवसांत जागा रिकामी करावी. शिलाचा तांडा हिंगोलीकडच्या गोरेगावच्याही पुढे. तिथून कॉलेजला यायला जीपने दोन तास लागत, त्यातला पाऊण तास जीप भरायची वाट बघण्यात जाई. बी.एस्सी. दुसऱ्या वर्षाचं प्रॅक्टिकल सकाळी आठला सुरू होई आणि पहिली जीप नऊला सुटे. थोडक्यात, जागा गेली की बी.एस्सी. गेलं.

नोटीस आली ती रेवती पाठक यांच्या टेबलावर. रेवती पदार्थविज्ञान शिकवत असत. क्रीडा संचालकाचं पद नऊ वर्षं रिक्त होतं आणि त्याचा अतिरिक्त कार्यभार त्यांच्याकडे देताना प्राचार्य म्हणाले होते, "वर फेकलेला बॉल खाली येतो, मॅडम. म्हणजे विषय तुमचाच." रेवतींनी मग नियमांचं पुस्तक वाचलं, दोन वर्षं सगळे सामने वहीत नोंदवले, आणि त्यांना एक गोष्ट कळली. संघ जिंकत होता तो शिलामुळे.

त्या कार्यालयात गेल्या. मुख्य लिपिक प्रेमाताईंनी फॉर्म पुढे धरला.

"दोन?" प्रेमाताई म्हणाल्या. "मॅडम, दोन गुण आमच्या सूनबाईंनीही केले असते, आणि त्यांना जिना चढताना धाप लागते."

"प्रेमाताई, शिला सेंटर आहे. आपल्या रिंगखाली उभं राहून समोरच्यांना अडवणं हे तिचं काम. सातही सामने आपण जिंकलो ते तिच्यामुळेच."

"जिंकला तो संघ. फॉर्म खेळाडूचा आहे." प्रेमाताईंनी पेनाचं टोक रकान्यावर ठेवलं. "इथं आकडा लागतो. 'अडवते' असं लिहिलं तर शिपायांचे अर्जही यायला लागतील."

रेवती म्हणजे शास्त्राचं माणूस. त्यांनी रात्र न् रात्र नव्हे, एक दुपार खर्च करून आलेख काढला. शिला बाकावर असताना समोरच्या संघाचे शंभरातले साठ बॉल रिंगमध्ये जात होते, शिला मैदानात असताना चौदा. आलेख घेऊन त्या प्राचार्य व्यंकटराव धर्माधिकारी यांच्याकडे गेल्या. प्राचार्यांनी तो बराच वेळ निरखला.

"सुंदर," ते म्हणाले. "रंगीत प्रिंट कुठून काढली?"

"सर, यातून असं दिसतं की तिच्यामुळे जवळजवळ दीडशे बास्केट झालेच नाहीत."

"मॅडम, जे झालं त्याचा पुरावा एकपट लागतो. जे झालंच नाही त्याचा दुप्पट लागेल." प्राचार्य खुर्चीत मागे रेलले. त्यांचा स्वभाव मदतीचा होता, आणि तीच खरी अडचण होती. "गारपीट झाली की पंचनामा करतात ना? तसा करा. न पडलेल्या बास्केटांचा पंचनामा. दोन पंच, जागेवरचा फोटो, अक्षांश-रेखांशासह. समिती मी सांभाळतो."

पुढचा सामना हट्टा गावच्या संघाशी आपल्याच मैदानावर होता. प्रयोगशाळेतले भावसिंग मोबाइल घेऊन रिंगखाली बसले आणि बास्केट पडलं नाही की फोटो काढू लागले. एक पंच तेच, दुसऱ्या पंच म्हणून मैदानाकडेला चहाची गाडी लावणाऱ्या अनुसयाबाईंना बसवलं. सामना संपल्यावर रेवतींनी त्यांचा जबाब लिहून घेतला.

"काय दिसलं, मावशी?"

"पोरगी हुबी होती."

"मग?"

"मग काय? बॉल आला न्हाई."

"का आला नाही?"

"अहो बाई, पोरगी हुबी होती म्हून!" अनुसयाबाई वैतागल्या. "तुमी मास्तरीन हायेत का कोन? आन् ह्यात अंगठा कशाला पायजे? मला सही येती."

पंचनामा समितीपुढे गेला आणि तिसऱ्या दिवशी रेवतींना कारणे दाखवा नोटीस आली. एकच फोटो एकतीस वेळा जोडून समितीची दिशाभूल का केली, असा प्रश्न होता. एकतीसही फोटोंत शिला दोन्ही हात वर करून एकाच जागी उभी होती. हलणारं असं काही दिसत नव्हतं.

"अक्षांश-रेखांशसुद्धा तेच!" प्रेमाताईंनी बोट ठेवलं.

"रिंग हलत नाही, प्रेमाताई."

"तेच म्हणतेय मी. रिंग हलत नाही, मुलगी हलत नाही. मग कामगिरी कुणाची, रिंगची?"

प्राचार्यांनी पुन्हा मदत केली. पंचांपेक्षा पीडितांचा जबाब भक्कम, असं त्यांचं मत पडलं. तेव्हा हट्ट्याच्या मुलींकडून लिहून घ्यावं की शिला नसती तर आपण किती बास्केट केले असते. रेवतींना वाटलं, कोण देणार असं लिहून? पण हट्ट्याची कर्णधार संगिता हसतच कागद घेऊन बसली.

"किती लिहू, मॅडम?"

"खरं असेल ते."

"खरं म्हनलं तर मी एकटीच साठ टाकले असते. काय तकलीफ दिली वो तुमच्या त्या पोरीनं!"

तिच्या शेजारणीने मग सत्तर लिहिले, कारण ती संगितापेक्षा चांगली खेळते असं तिला कायम वाटत आलं होतं. राखीव मुलींनीही लिहिलं. ज्या मैदानात उतरल्याच नव्हत्या त्यांनी जास्त लिहिलं. बेरीज आली चारशे बारा. रेवतींनी मनाशी हिशेब केला. चाळीस मिनिटांत चारशे बारा म्हणजे दर सहा सेकंदांना एक. एवढ्या वेळात बॉल मैदानाच्या या टोकाहून त्या टोकाला जायचा तर तो पाळीव कबुतर असायला हवा होता. आपणच आणलेला कागद आपणच खोटा ठरवावा, या विचाराने त्या हा आकडा अशक्य असल्याची टीप लिहून घेऊन गेल्या. समितीने टीप बाजूला काढून ठेवली.

"चारशे बारा!" प्राचार्य उठून उभे राहिले. "मॅडम, हे तुम्ही आधी का नाही सांगितलं?"

समिती इतकी प्रभावित झाली की तिने नियमच बदलला. बचावपटूंसाठी पन्नास गुणांऐवजी 'प्रत्यक्ष अडवलेले वीस बॉल' अशी नवी अट आली. मोजणी हिंगोलीला जिल्ह्याच्या अंतिम सामन्यात समितीच्या डोळ्यांदेखत होणार होती. रेवतींना त्या रात्री शांत झोप लागली. वीस म्हणजे शिलाला काहीच नव्हते.

त्याआधी उपांत्य सामना होता. मात्र आता जिल्हाभर बोभाटा झाला होता की त्या कॉलेजच्या रिंगखाली एक पोरगी असते, जिच्यावर पंचनामा झालेला आहे. तिच्या जवळपास कोणी फिरकेचना. समोरच्या मुली लांबूनच बॉल भिरकावायच्या आणि तो बहुतेक वेळा बोर्डालाही लागायचा नाही. संघ अडतीस विरुद्ध अकराने जिंकला. शिलाने अडवलेले बॉल, शून्य.

"शून्य," प्रेमाताई म्हणाल्या आणि त्यांना खरंच वाईट वाटलं. त्या काही दुष्ट नव्हत्या. "मागं निदान दोन तरी होते हो. पोरगी बिघडून राहिली का?"

"प्रेमाताई, ती इतकी चांगली खेळली की कोणी आलंच नाही."

"मग येऊ द्या की त्यांना."

दुसऱ्या दिवशी तेच वाक्य समितीच्या भाषेत लेखी आलं. 'संबंधित खेळाडूने आपली प्रतिबंधात्मक कामगिरी दृश्यमान स्वरूपात करावी.'

रेवतींनी कागद शिलाला वाचून दाखवला. शिला बुटाची नाडी बांधत होती. तिने ती सोडून पुन्हा बांधली.

"म्हंजे आधी आत घ्यायचं, मग अडवायचं?"

"हो."

"काहून पन, मॅडम?"

"अडवलेलं दिसावं म्हणून."

"आमच्या तांड्यावर कुत्रं हाय. त्याच्या धाकानं लांडगं शेळ्यांकडं येतच न्हाई. म्हून काय याडीनं, माझ्या मायनं, लांडग्याला आवतन धाडायचं का?"

मोजता यावी म्हणून वस्तूच बदलायची, हे रेवतींनी स्वतःच्या वर्गात प्रथम वर्षाला चूक म्हणून शिकवलं होतं. त्या एवढंच म्हणाल्या, "वीस लागतात, शिला. वसतिगृहासाठी."

शिलाने मान हलवली. "व्हय. मंग धाडू आवतन."

हिंगोलीच्या मैदानावर समितीला खुर्च्या होत्या. प्राचार्य मध्ये, शेजारी फॉर्म घेऊन प्रेमाताई, फोटोला भावसिंग. शिट्टी झाली आणि शिला रिंगपासून चार पावलं बाजूला सरकून उभी राहिली, जणू कुणाची वाट बघते आहे. समोरच्या मुली आधी बिचकल्या. मग एक धीर करून आत शिरली. शिला दोन ढांगांत आली, उडी मारली आणि बॉल अशा आवाजाने झोडपला की भिंतीवर बसलेली पोरं खाली उतरून पुढे आली.

"एक!" प्रेमाताई ओरडल्या.

दोन वर्षांत शिलासाठी पहिल्यांदा टाळी पडली. ती आधी गोंधळली. मग तिला गंमत वाटू लागली. ती मुलींना आत येऊ द्यायची, आता सुटली असं वाटेपर्यंत जाऊ द्यायची आणि शेवटच्या क्षणी मागून येऊन बॉल उडवायची. तिघींना आत सोडलं की दोघी अडायच्या. तिसरीचं काय व्हायचं याला फॉर्ममध्ये रकाना नव्हता. मध्यंतराला अकरा झाले. भावसिंगांचा प्रत्येक फोटो वेगळा येत होता. "बघा, याला म्हणतात कामगिरी!" प्राचार्य शेजारच्या परक्या माणसालाही फोटो दाखवत होते.

शेवटचं मिनिट उरलं तेव्हा आकडा एकोणीस होता. आणि नेमक्या तेव्हाच समोरच्या मुली पुन्हा घाबरल्या. बॉल बाहेरच्या बाहेर फिरू लागला. चाळीस सेकंद. तीस. शिला आणखी बाजूला सरकली, जवळजवळ रेषेबाहेर गेली, रिंग उघडी टाकून. तरी कोणी येईना. बारा सेकंद उरले. आयुष्यात वर्गातही आवाज न चढवलेल्या रेवती पाठक खुर्चीवर चढल्या आणि समोरच्या संघाच्या मुलीला हात करकरून ओरडल्या, "अगं ये ना आत! ये, ये, मोकळं आहे!"

ती मुलगी आली. शिला कुठून आली ते कोणाला दिसलं नाही. बॉल भिंतीपलीकडे रस्त्यावर जाऊन पडला आणि शिट्टी वाजली.

"वीस!"

प्रेमाताईंच्या डोळ्यांत पाणी आलं. प्राचार्यांनी जागेवरच फॉर्मवर सही केली, शिक्का प्रेमाताईंच्या पर्समध्येच होता. शिला राठोड हिची वसतिगृहातली जागा कायम झाली. भावसिंगांनी कुठून तरी पेढे आणले, आणि जिल्ह्यात प्रथमच एका बचावपटूला उत्कृष्ट खेळाडूचं प्रमाणपत्र मिळालं.

जीपमध्ये बसताना शिलाने प्रमाणपत्र गुंडाळून दप्तरात ठेवलं. बाकीच्या मुलींनी पेढ्यांना हातही लावला नव्हता.

"मॅडम," ती हळूच म्हणाली, "मॅचचं कोनीच इचारलं न्हाई."

रेवतींनी फॉर्मची प्रत काढून दोन्ही बाजू तपासल्या. तसा रकाना नव्हता.

आता तुम्हीच बघा. एकोणिसावर तुमचा जीव टांगणीला लागला होता, वीस झाल्यावर हायसं वाटलं, शिलाची जागा राहिली म्हणून आनंदही झाला. सामना कोणी जिंकला, हे तुम्हीही विचारलेलं नाही.