टाकी थोरल्याची, झाकण धाकट्याचं

वाटणी झाली तेव्हा माशांची काचेची टाकी थोरल्याकडे गेली आणि तिचं झाकण, दिवा आणि पंप धाकट्याकडे. टाकी वडिलांनी स्वतः बनवलेली, आडमाप. बाजारातलं झाकण तिच्यावर बसत नसे. तरी कोणी माघार घेतली नाही. दोन गोल्डफिश होते, तेही एकेक वाटून घेतले. थोरल्याचा बादलीत मेला, धाकट्याचा पातेल्यात. त्यानंतर दोघांचं बोलणं बंद झालं आणि मासे पाळणंही.

मध्ये बरीच वर्षं गेली. थोरल्याच्या बाबतीत डॉक्टरांनी हात टेकल्याचं कानावर आलं, त्या संध्याकाळी धाकट्याने माळ्यावरून झाकण काढलं आणि पुसायला घेतलं.

"आता हे काय?" बायकोने विचारलं.

"पुन्हा मासे पाळावेत म्हणतो. टाकी आणतो दादाकडून."

"मासे पाळायचेत, की भावाला भेटायचंय?"

"मासे," धाकटा म्हणाला आणि पुसलेलं झाकण पुन्हा पुसू लागला.

झाकण काखोटीला मारून तो दादाकडे गेला. दार वहिनीने उघडलं. आत थोरला हवेच्या गादीवर पडून होता. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून ती गादी. तिची मोटर सतत घुरघुरत हवा भरत राहायची. माणूस निम्मा उरला होता. धाकट्याला विचारायचं होतं वेगळंच, पण तोंडातून निघालं ते भलतंच.

"टाकी न्यायला आलोय."

"झाकण ठेवून जा," थोरला म्हणाला. "मलाही पाळायचेत मासे."

"या अवस्थेत?"

"मासे काही मला उचलायचे नाहीत. बघायचेत."

टाकी जाईना आणि झाकण सुटेना, म्हणून टाकी थोरल्याच्या पलंगाशेजारीच भरायची ठरली. दुसऱ्या दिवशी धाकट्याने चार मासे आणून सोडले आणि पंपासाठी प्लग शोधला. खोलीत एकच होता. त्यातली पिन कसली हे न बघता त्याने ती उपटली आणि पंपाची लावली. बुडबुडे सुटले. दोघे भाऊ बघत राहिले.

थोड्या वेळाने थोरला म्हणाला, "मासे वर चाललेत रे."

मासे वर आले की समजावं, पाण्यात हवा कमी पडतेय; एवढं धाकट्याच्या अजून लक्षात होतं. त्याने पंप वाढवला.

"अजून वर चाललेत."

"कुठे? खालीच तर आहेत."

"मला आता नुसता टाकीचा तळ दिसतोय."

वहिनी औषध घेऊन आली आणि दारातच थबकली. "अहो भाऊजी, हे फळीला टेकले की."

मासे जागच्या जागी होते. थोरला खाली चालला होता. त्याला स्वतःलाच हसू आलं, हसता हसता खोकला आला आणि खोकला थांबेना. आपण भावाला मारलं, असं वाटून धाकटा घामाघूम झाला. धाप ओसरल्यावर थोरला म्हणाला, "प्लगचीही वाटणी करू. तासभर मासे, तासभर मी."

पिना बदलायला धाकटा रोज येऊ लागला. वहिनीने घरातला एक्स्टेन्शन बोर्ड शोधून पलंगाशी ठेवला, तर दुसऱ्या दिवशी तो गायब.

"इथंच ठेवला होता. पाय फुटले की काय त्याला?"

थोरला माशांकडे बघत राहिला. धाकट्याच्या पिशवीत नवा कोरा बोर्ड होता. लावायलाच आणला होता, पण तो लावला की रोज यायचं निमित्त संपणार होतं. त्याने पिशवीचं तोंड घट्ट बांधलं.

एक मासा दगावला.

"तुझ्या तासात मेला," धाकटा म्हणाला.

"मग माझ्या वाटणीतला धर."

थोरलाही स्वतःच्याच तासात गेला, टम्म फुगलेल्या गादीवर. आलेली माणसं पांगल्यावर वहिनीने धुवायला उशीचा अभ्रा काढला, तर आतून बोर्ड निघाला, वायर नीट गुंडाळलेला. पाठीला जखम नको म्हणून हवेची गादी, आणि डोक्याखाली हे. धाकट्याने पिशवीची गाठ सोडली आणि आपला बोर्ड त्याच्या शेजारी ठेवला. मग त्याला रडू आवरेना. पिना लावायला आता जागाच जागा होती आणि लावायला एकटा पंप.

वहिनीने त्याला पाणी दिलं. "आता टाकी घेऊन जा, भाऊजी. कोणी अडवणार नाही."

"झाकण घट्ट बसलंय, निघत नाही," झाकणाला हातही न लावता तो म्हणाला. "उद्या येऊन बघतो."