शामरावांना अर्थ लागत नाही

लाइट गेली की पंखा थांबतो आणि आपल्याला कळतं. आमचे शेजारी शामराव एवढ्यावर विश्वास ठेवत नाहीत. मल्टिमीटर आणतात, त्याच्या दोन पिना सॉकेटमध्ये खुपसतात आणि गल्लीभर ऐकू जाईल असं जाहीर करतात, "शून्य!"

हे ओरडणं जुनं. अकोल्याच्या बसस्टँडवर चौकशीच्या खिडकीत त्यांचा उभा जन्म गेला. "दर्यापूर कधी?" विचारलं की उत्तर यायचं, "आली की दिसंन!" त्या गोंगाटात कान गेले ते गेलेच. निवृत्तीनंतर अमरावतीत घर केलं, आणि दोन वर्षांत त्यांच्या पत्नीला, कुसुमकाकूंना, लकवा झाला. वाचा गेली. उजव्या हाताची बोटं तेवढी हलतात.

काकू बोलावणार कशा, आणि यांना ऐकू येणार कसं? म्हणून शामराव सर्किट बनवायला बसले. खाटेजवळच्या डब्यावर काकूंनी बोट टेकवलं की स्वयंपाकघरातल्या डब्यावर लाल दिवा लागायला हवा.

तीन महिने दिवा काही लागेना.

"इचीबीन, हा डबा पाच व्होल्ट दाखवते, तो बी पाच दाखवते," ते काकुळतीला येऊन सांगत. "अन् मधातल्या तारीवर पाह्यलं तं कधी दोन, कधी शून्य. अर्थच नाई लागून राह्यला, बाप्पा!"

तार बदलली, मीटर नवा घेतला. आकडे नाचतच होते. एकदा डबे पुढ्यात ठेवून म्हातारा चक्क रडला. मी मराठीचा मास्तर. मला यातलं ओ की ठो कळत नाही, पण ते रडणं पाहवेना. काहीतरी बोलायचं म्हणून त्यांच्या कानाशी ओरडलो, "लागत नाही म्हणता, पण अर्थ लावलाय कुठे? आमच्या वायरमननं तर घराला अर्थ द्यायला, अर्थिंगची तार पुरायला, अंगणात खड्डा खणला होता."

शामरावांनी मांडीवर थाप मारली.

"दोन डबे, दोघायच्या बॅटऱ्या अलग, मधात एकच तार! मास्तर, जायची गाडी सोडली, वापसीची सोडलीच नाई मी!"

दोन्ही डब्यांना जोडणारी दुसरी, काळी तार अर्थ म्हणून टाकली. मीटर पाचावर ठाम उभा राहिला. शामरावांनी काकूंचं बोट स्वतः उचलून टेकवलं आणि दिवा लागला.

त्यानंतर आठ दिवस तो लागला नाही. शामराव तासातासाला मीटर लावत. पाच. "सर्किट बराबर हाये. मंग हे बाई मले बलावत काहून नाई?" धडधाकट होत्या तेव्हाही काकूंनी कधी कुणाकडे काही मागितलं नव्हतं. मला फार वाईट वाटलं.

परवा दुपारी ते धापा टाकत आले. "लागला! मास्तर, लागला!"

मी गेलो. काकू गाढ झोपल्या होत्या. झोपेत हात घसरून डब्यावर पडला होता. स्वयंपाकघरात दिवा जळतच होता. मी तो हात अलगद उचलायला वाकलो, तर शामरावांनी मला मागे ओढलं.

"राहू द्या," ते म्हणाले. त्यांना इतकं हळू बोलताना मी प्रथमच ऐकत होतो. "चुकून तं चुकून. बलावलं ना मले."