विश्वनाथअप्पांचं आफ्रिकेचं द्राक्ष

विश्वनाथअप्पांनी अंगणात द्राक्षाचा मांडव घातला होता, पण त्याखाली वेल नव्हता. भोपळ्यासारखं पोट सुटलेलं एक बुटकं झाड होतं. त्याची साल कांद्यासारखी पापुद्र्यापापुद्र्यानं निघायची. आफ्रिकेत नोकरीला असलेल्या पुतण्यानं बी दिलं, 'द्राक्षाच्या घराण्यातलं आहे' म्हणाला आणि परत गेला. घराणं कळल्यावर अप्पांनी पुढची चौकशीच केली नाही.

मांडवाचे लोखंडी अँगल माझ्याच दुकानातले.

"अप्पा, हे वर चढणारं न्हाई," मी सांगितलं.

"तुमी अँगल इका, शेठ. चढायचं ते बघंल."

पुढे त्याला लाल घोस धरले. अप्पांनी एक फळ चाखलं आणि दिवसभर घसा धरून बसले. संध्याकाळी म्हणाले, "वाईट न्हाई. परदेशी हाय." त्या दिवसांत बाजार खुला झाल्याचं जो तो बोलायचा. आपली द्राक्षं तिकडं चालली, तर तिकडचं इकडं यायचंच, असा अप्पांचा हिशेब.

माझं वैर झाडाशी नव्हतं, जागेशी होतं. अंबाजोगाईत मी हातगाडीवर खिळे विकले, मग दुकान आणि गोदाम उभं केलं. पण गोदामाकडे ट्रक वळायला शेजारच्या अप्पांच्या अंगणातला नेमका झाडाचा कोपरा आडवा यायचा. हमाल रस्त्यापासून लोखंड खांद्यावर आणायचे आणि माझं डोकं तापायचं. कितीही भाव वाढवला तरी अप्पा हलले नाहीत.

हिवाळ्यात झाडाची सगळी पानं गळाली.

"मेलं, अप्पा."

"मेलं न्हाई. इचार करायलंय."

शेवटी सौदा ठरला. अक्षय तृतीयेपर्यंत पान फुटलं नाही तर कोपरा माझा. फुटलं तर मी जागेचं नाव काढायचं नाही.

माझा कुणावर विश्वास नाही, म्हणून मी रोज सकाळी जातीनं बघायला जाऊ लागलो. उन्हाचं निमित्त करून अप्पांनी झाडाला गोणपाट गुंडाळलं होतं. माझ्याकडची बाजू उचलून ते बोडकी फांदी दाखवायचे, मग चहा व्हायचा. मी पोचायच्या आत दोन कप गाळलेले असायचे. पुतण्याचं पत्र नाही, गुडघा धरतो, असं काहीबाही बोलणं. त्या घरात दुसरं माणूस नव्हतं.

अक्षय तृतीयेच्या आदल्या दिवशी अप्पा चहा आणायला आत गेले आणि मी भिंतीकडचं गोणपाट वर केलं. तळहाताएवढी जाड, हिरवी पानं होती. ती काही काल फुटलेली नव्हती. अप्पा कधीच जिंकले होते. जिंकल्याचं सांगितलं असतं, तर मी दुसऱ्या दिवसापासून आलो नसतो.

मी गोणपाट होतं तसं खाली सोडलं. अप्पा कप घेऊन आले.

"काय म्हणतंय?"

"इचार करायलंय अजून," मी म्हणालो. "अप्पा, मुदत वाढवा. पावसाळ्यापर्यंत."

अप्पांनी भिंतीकडच्या गोणपाटाकडे एकदा बघितलं. मग कप माझ्यापुढे सरकवला.

"पावसाळा कशाला, शेठ? दसऱ्यापर्यंत घ्या."