बाहेरचं पोट

सकाळी मी ओट्यावर दात घासत बसलो की गुलाबराव मास्तर कुंपणापलीकडून विचारायचे, "तुमच्या घरी काई सडलं काय?"

नाही म्हटलं की त्यांचा चेहरा उतरायचा. भाकरीला बुरशी आली असली, लिंबू हिरवं पडलं असलं, की स्वारी डबी घेऊन हजर. चिखलीत लोक शेजाऱ्याकडे विरजण मागायला जातात. हा गृहस्थ बुरशी मागायला यायचा.

नागपूरहून बी.एस्सी. होऊन आलेले मास्तर आमच्या शाळेत सायन्स शिकवत. मी मराठीचा. पोरांना त्यांचा एकच दंडक होता, "जे दिसलं थेच लिहा." प्रयोग फसल्यावर 'फसला' असं लिहिणाऱ्याला पूर्ण मार्क, आणि पुस्तकातला निकाल उतरवणारा बाकावर उभा.

"बुरशीचं पोट बाहेर रायते," ते मला समजावत. "थे आंधी रस सोडते, रसानं कडबा मऊ करते, मंग पिते. आपन आंधी गियतो, मंग पोट धरून बसतो. सांगा, शहानं कोन?"

शाळेच्या प्रयोगशाळेत त्यांनी बरण्यांमध्ये ओल्या कडब्यावर बुरशी वाढवली होती. तिचा रस ते फडक्यातून गाळत आणि त्यात सुती चिंधी बुडवून ठेवत. चिंधी विरली की रस खरा. "फक्त उकयू नका. उकयला का रसाचा जीव गेला," हे त्यांनी मला इतक्यांदा ऐकवलं की माझा चहाही मी भीत भीत उकळू लागलो.

एकदा बरणी त्यांच्या धोतरावर कलंडली. पण धोतर बदलतील तर ते मास्तर कसले? "पाहू तं द्या, कुठवर विरते." नेमके पुढल्या आठवड्यात तपासनीस साहेब आले. मास्तर नमस्काराला उठले आणि धोतराचा निम्मा सोगा खुर्चीच्या खिळ्यालाच राहिला. हेडमास्तरांनी त्याच दिवशी बरण्यांना शाळेबाहेर काढलं.

बरण्या मास्तरांच्या गोठ्यात गेल्या. तिथं पवळ्या होता.

पवळ्या मास्तरांच्या गावाकडच्या थोरल्या भावाच्या दावणीचा म्हातारा बैल. दात झिजलेले. कडबा तोंडात घोळवायचा आणि टाकून द्यायचा. पोळा झाला की त्याला बाजार दाखवायचा, असं भावानं ठरवलं होतं. मास्तरांनी हातापाया पडून त्याला चिखलीला आणलं. भाऊ म्हणाला, "लाड करायले कोनी बैल ठेवत नाई. तुह्या सायन्सनं खायले लागला तं राहू दे, नाई तं बाजार."

"एवढा जीव काऊन लावता?" मी विचारलं.

मास्तर बैलाच्या गळ्याखाली खाजवत म्हणाले, "नागपूरले निंघालो तं दादा रागावून घरात बसला. मलकापूरच्या टेसनावर मले पोचवायले गाडीवाला अन् हा, दोघंच होते."

सुरुवातीला रस घातलेल्या कडब्याला पवळ्यानं तोंड लावलं नाही. पण पोळ्याच्या आठवड्यात काय झालं कोण जाणे, तो चक्क टोपलं चाटू लागला. मास्तर शाळेत शीळ घालत फिरू लागले.

पोळ्याला भाऊ आला. मीही गोठ्यात हजर होतो. पवळ्याच्या शिंगांना बेगड, पाठीवर झूल. वहिनींनी, म्हणजे मास्तरांच्या मंडळींनी, टोपलं ठेवलं आणि बैलानं ते बघता बघता संपवलं. भाऊ बाहेर चपला घालायला गेला.

मास्तर वहिनींना म्हणाले, "पाह्यला माह्या रसाचा गुन?"

"हाव," वहिनी म्हणाल्या. "पन तुमी थंडा देत होते. म्हाताऱ्या जिवाले थंडं देतेत काय? मी चार रोजपासून कडबा अन् रस संगंच खदखदा उकयते. गुयाचा खडा टाकते."

मास्तर माझ्याकडे बघू लागले. मी बरण्यांकडे.

बाहेरून भावाची हाक आली, "गुलाब, खरं सांग. हे सायन्सनंच झालं ना बे?"

मास्तरांनी पवळ्याच्या मानेवर हात ठेवला.

"हाव दादा. सायन्सनंच."

भाऊ गेला. दुसऱ्या दिवसापासून शाळेआधी गोठ्यातली चूल मास्तर स्वतः पेटवू लागले, आणि गूळ आमच्याकडून मागून नेऊ लागले. वर्गात अजूनही ते खडसावून सांगत, "जे दिसलं थेच लिहा." फक्त तेव्हा मी व्हरांड्यातून जात असलो, की ते फळ्याकडे तोंड करत.