डाव्या कानाची काजळी

भंते, मेलेला माणूस पुन्हा जन्मतो, एवढं सांगून तुम्ही मोकळे होता. कुठे जन्मतो, कुणाच्या घरी, हे विचारलं की डोळे मिटून बसता! तुमच्या या अर्धवट सांगण्यापायी मिंजानजवळच्या एका गावात, दॉ सॉ यीच्या घरची चूल नवऱ्याला जाऊन वर्ष होण्याच्या तोंडावर विझायची वेळ आली. त्याचा जाब कोण देणार?

नवरा ऊ बा सेन गेला, तेव्हा नणंदेने, म्या टिनने, रिवाजाप्रमाणे पातेल्याच्या बुडाची काजळी त्याच्या डाव्या कानाच्या पाळीला लावली होती. पुढल्या जन्मी बाळाच्या अंगावर तिथेच डाग उमटतो, आपला माणूस ओळखता येतो. सॉ यीचा यावर काडीचा विश्वास नव्हता. पण एकेचाळीस वर्षांत भिक्खूंच्या पात्रात भात वाढायची तिची एक सकाळ चुकली नव्हती. उद्या नवऱ्याच्या नावाने पाच भिक्खूंना जेवण होतं. त्याच्यासाठी करण्यासारखं तिच्या हाती तेवढंच उरलं होतं.

दुपारी ती कांदे चिरत होती, तोच म्या टिन एका पायात चप्पल घालून धावत आली.

"वहिनी, ठेव ते कांदे! दादा सापडला!"

"कुठे?"

"शेजारी. ओन म्यांगची लेक आत्ताच बसमधून उतरली, नात घेऊन. डावा कान, वहिनी! या डोळ्यांनी पाहिलं." एवढं बोलून ती उभ्यानेच पातेल्यातला भात खायला लागली. भाऊ गेल्यापासून ती चार घासांवर उठायची.

ओन म्यांगशी वीतभर कुंपणावरून सात वर्षं बोलणं बंद होतं, तेही बा सेनमुळेच.

"नात? म्हणजे ते मुलीच्या जन्माला येऊन त्या बाईच्या घरात पाळण्यात पडलेत?"

"हट्टीच ना तो. कुंपणाचं राहिलं होतं!"

भात संपवून म्या टिन थेट मठात गेली आणि उद्याचं जेवण रद्द असल्याचं सांगून आली. "दादा शेजारी पोटभर दूध पितोय. आता पुण्य पाठवायचं कुठे, कुंपणापलीकडे?"

तासाभरात ओन म्यांगच्या फाटकाशी गर्दी झाली. कुणीतरी बा सेनच्या आवडीचा चिरूट बाळासमोर धरला. बाळाने भोकाड पसरलं.

"बघा, ओळखला!"

सॉ यी गर्दीतून वाट काढत आत गेली. ओन म्यांगने दार लावून घेतलं.

"ये. तुझा नवरा घेऊन जा बाई. रात्रभर झोपू देत नाही म्हणे."

सॉ यीने बाळ घेतलं, अंगठा जिभेला लावला आणि कानाची पाळी पुसली. डाग अंगठ्यावर आला.

ओन म्यांगचा आवाज खाली गेला. "प्रवासात बाधा नको म्हणून लेकीने कपाळाला काजळी लावली. त्याच हाताने टोपी सरळ केली असेल."

बाहेरून म्या टिनची हाक आली, "वहिनी, तोच आहे ना गं?"

सॉ यीने त्या स्वच्छ कानाकडे पाहिलं. दुपारी म्या टिनने उभ्याने संपवलेला भात तिला आठवला. चुलीपाशी गेली, पातेलं तिरकं केलं, बुडाला बोट पुसलं आणि कानाला टेकवलं.

ओन म्यांग बघत राहिली. मग म्हणाली, "उद्या आंघोळीनंतर मी लावीन. डावाच ना?"

"डावाच."

सॉ यी बाहेर आली. "तोच आहे. पण उद्याचं जेवण होणार. जा, मठात परत सांगून ये."

"अगं, पण दादा तर इथे..."

"म्हणून भिक्खूंना भूक लागायची थांबली का?"

दुसऱ्या दिवशी जेवणं झाली. म्या टिन शेजारी बाळापाशी गेली होती. जेवणाचं पुण्य गेलेल्या माणसाच्या नावे करायचं पाणी ओतायची वेळ आली, तेव्हा सॉ यी तांब्या हातात धरून थांबली.

"भंते, आधी एक विचारते. पुढल्या जन्मावर माझा विश्वास नाही. काल तर एक खोटा जन्म मी माझ्या बोटाने रंगवला. तरी आज भात वाढताना ते शेजारी बसल्यासारखं वाटलं."

"दान हे नेहमीच..." भंते सुरू झाले.

"दान चांगलं असतं, ते मला ठाऊक आहे. न मानणाऱ्या बाईने ओतलेलं पाणी त्यांना पोचतं की नाही? डोळे मिटू नका, भंते. हा तांब्या मी असाच धरून बसलेय. सांगा!"